वॉर्डाची बातमी वॉर्डापर्यंत : नव्या ग्रामपंचायत सदस्यासाठी

ग्रामपंचायत निवडणुकीचा गुलाल धुऊन आठ दिवस होत नाहीत तोच पहिला प्रश्न येतो आणि आपल्या विदर्भात तो बहुतेक वेळा नालीचाच असतो. "मेंबर, आमच्या नालीचं काय झालं?" नव्या सदस्याला त्या वेळी दोन गोष्टी ठाऊक नसतात. नालीचे खरोखर काय झाले आहे हे एक, आणि जे झाले आहे ते विचारणाऱ्याला कशा शब्दांत सांगावे हे दुसरे. एकट्या सदस्याच्या सांगण्यावरून गावात एक ट्रॉली मुरूमही पडत नाही. ग्रामपंचायतीची देयके सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण अजूनही ग्रामसेवक म्हणतो ते, यांच्या सह्यांनी निघतात. सदस्याच्या हाती मासिक सभेतले एक मत आणि कागद पाहून प्रश्न विचारण्याचा हक्क असतो, आणि जे कळले ते आपल्या प्रभागात पोहोचवणे हे त्याचे काम असते. हे शेवटचे काम कोणी शिकवत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात पाच वर्षे सदस्य असताना मी दर महिन्याला वॉर्डासाठी एक पानाचे माहितीपत्रक काढत असे. ते कसे काढावे आणि कसे काढू नये, हे नव्याने निवडून आलेल्यांना उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात घरे मोजण्यापासून करावी

मतदार यादी तुमच्याकडे प्रचाराच्या वेळची असेलच, पण ती मतांसाठी वाचलेली असते. आता तीच यादी घेऊन प्रभागातून पायी फिरावे आणि वहीत घरागणिक तीन गोष्टी लिहाव्यात : घरात वाचणारे कोण आहे, स्मार्टफोन कोणाच्या हाती असतो, आणि घरचे माणूस कोणत्या वेळी भेटते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची ठरते. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी आठला वावरात जातात आणि दिवेलागणीला परततात, त्यामुळे दुपारी चारला दिलेली दवंडी म्हातारी माणसे आणि शाळेत न गेलेली पोरेच ऐकतात. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या रोवणीत आणि गडचिरोलीकडे उन्हाळ्यात मोहफूल व तेंदूपत्त्याच्या हंगामात हेच होते. हंगामाप्रमाणे बातमीची वेळ बदलली नाही, तर बातमी दिल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि ज्याला ती हवी असते तो कोराच राहतो.

भाषेचाही विचार याच फेरीत करावा. गट ग्रामपंचायतीत मुख्य गाव एकीकडे आणि टोला, तांडा किंवा पोड दोन-तीन किलोमीटरवर, अशी स्थिती पूर्व विदर्भापासून वाशीमपर्यंत सर्वत्र आहे. तांड्यातल्या वृद्ध बाईला गोरमाटी जवळची असते, कोलाम पोडावर कोलामी चालते, मेळघाटात घराघरांत कोरकू बोलली जाते. तेथे छापील मराठी पान चिकटवून परत येण्यात अर्थ नाही. त्या वस्तीतला एखादा दहावी-बारावी झालेला मुलगा किंवा बचत गटातली एखादी बाई ते पान संध्याकाळी वाचून आपल्या बोलीत सांगेल, अशी व्यवस्था पहिल्याच महिन्यात करून ठेवावी.

एका प्रभागातून साधारणपणे दोन किंवा तीन सदस्य निवडून येतात हे विसरू नये. दुसरा सदस्य विरोधी पॅनलचा असला तरी पत्रक दोघांच्या नावाने निघावे असा प्रयत्न एकदा तरी करावा. माझा तो प्रयत्न सात महिन्यांनी यशस्वी झाला. तोपर्यंत वॉर्डात दोन सदस्यांच्या दोन बातम्या फिरत होत्या, आणि लोक दोन्हींवर सारखाच अविश्वास दाखवत होते.

माहिती कागदावरून घ्यावी

बातमीचा मुख्य झरा म्हणजे मासिक सभा. ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे पंचायतीची सभा महिन्यातून किमान एकदा व्हावीच लागते, आणि नियमित सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी सदस्याच्या हाती पडायला हवी. ही नोटीस मिळाली की तिच्यावरचे विषय नीट वाचावेत आणि आपल्या प्रभागाशी ज्यांचा संबंध आहे त्यांवर खूण करावी. पुष्कळ ठिकाणी नोटीस आणि सभा एकाच दिवशी होतात, शिपाई रजिस्टर घेऊन घरी येतो आणि सह्या गोळा करतो. सभेला न बसता अशी सही करण्याची सवय पहिल्या महिन्यात लागली की ती पाच वर्षे सुटत नाही. सभेत जे ठरते ते इतिवृत्तात, म्हणजे आपण ज्याला प्रोसिडिंग म्हणतो त्यात, उतरते. पुढच्या सभेत मागचे प्रोसिडिंग वाचून कायम केले जाते. त्या वेळी ठरावाचा क्रमांक आणि तारीख वहीत उतरवून घ्यावी. "मागे एकदा ठरलं होतं" असे म्हणणाऱ्या सदस्याला कार्यालयात कोणी उत्तर देत नाही. क्रमांक सांगणाऱ्याला मात्र कपाट उघडून दाखवावे लागते.

दुसरा झरा नमुन्यांचा. ग्रामपंचायतीचा हिशेब ठरावीक क्रमांकाच्या नमुन्यांत ठेवला जातो. नवख्याने सगळे नमुने पाठ करण्याची गरज नाही. नमुना ८ ही घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही, नमुना ९ ही मागणीची नोंदवही, नमुना १० ही कर भरल्याची पावती आणि नमुना ५ ही रोकडवही, एवढे ओळखता आले तरी वॉर्डातल्या निम्म्या शंकांचे निरसन करता येते. "सगळे रेकॉर्ड दाखवा" अशी मागणी करू नये. त्यातून फक्त वातावरण तापते. "जून महिन्यात पाणीपुरवठ्यावर झालेला खर्च पाहायचा आहे" असे विचारावे.

पैसा कोणत्या खात्यातला, हे लिहिल्याशिवाय खर्चाची बातमी पुरी होत नाही. गावकऱ्यांना वाटते की ग्रामपंचायतीत पैशांची एकच पेटी आहे आणि तिच्यातून काहीही करता येते. वस्तुतः घरपट्टी, पाणीपट्टी, बाजाराची वसुली हे स्वनिधीचे उत्पन्न वेगळे, आणि वित्त आयोगाचा निधी वेगळा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायची होती. उरलेली ४० टक्के अबंधित असली तरी तिच्यातून पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. महाराष्ट्रात या निधीचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला मिळत असे. स्वनिधीतूनही १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखायचे असतात. ही विभागणी एकदा मोठ्या अक्षरांत लिहून वॉर्डात लावावी. त्यानंतर "दिव्यांगांचे पैसे आले, मग आमच्या गल्लीत खडी का नाही पडली" हा प्रश्न बराच कमी होतो, आणि ज्या दिव्यांगाला आपला हक्कच ठाऊक नव्हता तो कार्यालयात जाऊन विचारू लागतो. माझ्या पत्रकाने पाच वर्षांत जे काही केले त्यात मला सर्वांत समाधान याच गोष्टीचे आहे.

ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कोणते काम आहे आणि त्यावर किती खर्च झाला, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावरही पाहता येते. तेथील नोंद आणि गावातली वस्तुस्थिती यांत फरक दिसला, तर तो फरक पत्रकात छापण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विचारावा. कधी नोंद उशिरा झालेली असते, कधी कामाचे नावच भलते लिहिलेले असते. कधी मात्र दोन्हींपैकी काहीच नसते, आणि मग तो विषय पत्रकाऐवजी सभेत लेखी द्यावा.

काम कोणत्या पायरीवर आहे

आता मुख्य मुद्दा. या लेखातले एवढेच लक्षात राहिले तरी पुरे आहे.

पहिल्या वर्षी मी पत्रकात लिहिले होते : "बौद्धपुऱ्यातील नाली बांधकाम मंजूर." प्रत्यक्षात त्या महिन्यात फक्त मासिक सभेचा ठराव झाला होता. पुढे अंदाजपत्रक रखडले, नंतर निधी दुसऱ्या कामाकडे वळला आणि नाली तिसऱ्या वर्षी झाली. मधली दोन वर्षे मी त्या गल्लीतून जात असे तेव्हा ओट्यावर बसलेली एक आजी "आली का माही मंजूर नाली?" असे हसत विचारायची. मी खोटे लिहिले नव्हते, पण "मंजूर" या शब्दाचा अर्थ मला एक आणि तिला दुसरा लागला होता. तिच्या लेखी मंजूर म्हणजे उद्या गिट्टी पडणार.

म्हणून प्रत्येक कामाच्या बातमीत ते काम कोणत्या पायरीवर आहे, हे दर महिन्याला त्याच ठरलेल्या शब्दांत लिहावे. गावातल्या साध्या सिमेंट नालीचा किंवा रस्त्याचा प्रवास साधारण असा होतो. आधी लोकांची मागणी येते. मग ग्रामसभेत किंवा मासिक सभेत ठराव होतो. काम वार्षिक विकास आराखड्यात बसवले जाते. अभियंता जागा पाहून अंदाजपत्रक तयार करतो आणि त्याला तांत्रिक मान्यता मिळते. त्यानंतर प्रशासकीय मान्यता मिळते, निधी उपलब्ध होतो, रकमेप्रमाणे निविदा किंवा दरपत्रके मागवली जातात, कार्यारंभ आदेश निघतो आणि मग गिट्टी पडते. काम झाल्यावर अभियंता मोजमाप घेतो, ते मोजमाप पुस्तिकेत चढते आणि देयक निघते. आमदार निधी, जिल्हा परिषदेच्या योजना, दलित वस्ती सुधार किंवा तांडा वस्ती सुधार यांची वाट थोडी वेगळी असते, पण पायऱ्यांची जात तीच.

या सगळ्यांची जंत्री पत्रकात देऊ नये. मी शेवटी पाच शब्द पक्के केले आणि त्यांचा अर्थ पत्रकाच्या तळाशी कायमचा छापून टाकला : "मागणी", "ठराव", "मान्यता", "काम सुरू", "काम पूर्ण". मान्यता हा शब्द तांत्रिक आणि प्रशासकीय या दोन्ही मान्यता हाती असल्याशिवाय वापरायचा नाही, आणि काम पूर्ण हा शब्द मोजमाप झाल्याशिवाय वापरायचा नाही, असा नियम स्वतःला घातला. एखादे काम सहा महिने "ठराव" याच पायरीवर अडले असेल तर सहाही महिने तसेच लिहावे, आणि शक्य असेल तर पुढे का सरकले नाही याचे एका वाक्यात कारण द्यावे. "अभियंत्याने जागा पाहिली, परंतु नालीचे पाणी उतरवायला जागा नाही, शेजारच्या दोन घरमालकांची संमती बाकी आहे" असे लिहिल्यावर तो प्रश्न एकट्या सदस्याचा राहत नाही. वॉर्डातलीच चार जाणती माणसे त्या घरमालकांकडे जाऊन बसतात.

काम न झाल्याची बातमी लिहायला हात धजत नाही, हे मला माहीत आहे. पॅनलप्रमुख तर तोंडावर सांगतो की असले कशाला छापता. परंतु जी गोष्ट लोकांच्या डोळ्यांसमोर रोज न झालेली दिसते, ती पत्रकात नसली की लोकांचा उरलेल्या ओळींवरचाही विश्वास उडतो.

पान कसे लिहावे

एका बाजूला मावेल एवढेच लिहावे. अक्षर इतके मोठे असावे की चष्मा विसरून आलेल्या माणसालाही उभ्याने वाचता यावे. क्रम ठरलेला ठेवावा आणि सुरुवात पाण्यापासून करावी, कारण लोक पान हातात घेतात ते नळ कधी येणार हे पाहण्यासाठी. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी पिता येत नाही आणि प्रादेशिक योजनेच्या नळावर अवलंबून राहावे लागते. तेथे पाणी सोडण्याचे दिवस हीच महिन्याची सर्वांत मोठी बातमी असते. एका महिन्याच्या पत्रकाचा मजकूर कसा असावा, त्याचा एक काल्पनिक नमुना देतो.

"प्रभाग क्रमांक २ मधील रहिवाशांसाठी माहिती, जुलै महिना. पाणी : टाकी ९ आणि २४ तारखेला धुतली जाईल, त्या दोन दिवशी सकाळी नळ येणार नाही, आदल्या संध्याकाळी पाणी भरून ठेवावे. मारुती मंदिराजवळच्या हातपंपाच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत दिला आहे, निकाल येईपर्यंत ते पाणी पिऊ नये. नाली : शाळेमागील नालीचा गाळ काढला, खर्च स्वनिधीतून, रक्कम कार्यालयातील फलकावर पाहावी. पांदण रस्ता : ठराव झाला, मान्यता नाही. दिवे : चार खांबांवरील दिवे बंद होते, दोन बसवले, दोन दिवे पंचायत समितीकडून येणाऱ्या साहित्यात मिळतील असे सांगण्यात आले आहे. ग्रामसभा : १५ ऑगस्ट. त्यापूर्वी महिलांची ग्रामसभा होईल, तारीख फळ्यावर लिहिली जाईल. सूचना देण्यासाठी सदस्य दर रविवारी सायंकाळी सात वाजता पाराजवळ भेटतील."

या मजकुरात सदस्याचा फोटो नाही, "यांच्या अथक प्रयत्नांतून" ही ओळ नाही आणि सणाच्या शुभेच्छाही नाहीत. शुभेच्छांसाठी गावात फ्लेक्स आहेत, त्यांची उणीव कोणाला भासत नाही. काम ज्या निधीतून झाले त्याचे नाव लिहिले की श्रेय ज्याचे त्याला आपोआप मिळते.

आरोग्याची एक गोष्ट सहसा कोणी लिहीत नाही, ती अवश्य लिहावी. आरोग्य विभाग पावसाळ्याच्या आधी आणि नंतर गावातल्या पाण्याच्या स्रोतांची स्वच्छता तपासतो आणि त्याप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड देतो. आपल्या गावाला कोणते कार्ड मिळाले आणि लाल वा पिवळे असेल तर कोणत्या विहिरीमुळे, हे लोकांना कळले पाहिजे. टाकीत ब्लीचिंग पावडर कोण टाकतो आणि घरच्या नळावर क्लोरीन तपासायची असेल तर जलसुरक्षकाला कसे बोलवावे, हेही एकदा लिहून द्यावे.

शेतीच्या बाबतीत ग्रामपंचायत सदस्याचा थेट अधिकार नाही, तरीही लोक विचारतात ते त्यालाच. येथे फक्त मुदती सांगाव्यात. ई-पीक पाहणीची शेवटची तारीख, पीक विम्याची त्या हंगामाची मुदत, पंचनाम्यासाठी तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी), कृषी सहायक (आताचे सहायक कृषी अधिकारी) आणि ग्रामपंचायत अधिकारी कोणत्या दिवशी कोणत्या शिवारात येणार, या गोष्टी वेळेवर कळल्या तर शेतकऱ्याचे हजारो रुपये वाचतात. नुकसानभरपाई किती मिळेल याचा अंदाज मात्र चुकूनही लिहू नये.

पान कोणत्या वाटेने जावे

एकाच साधनावर विसंबू नये. हातपंप, पार, रेशन दुकान आणि अंगणवाडी या चार ठिकाणी पान चिकटवावे. त्यातली अंगणवाडीची जागा विशेष चांगली, कारण तेथे तरुण आया रोज येतात. पाराजवळ काळा रंग दिलेला फळा असेल तर महिन्याच्या मधल्या लहानसहान बातम्या खडूने लिहिता येतात. आमच्याकडे तो निंबाखाली होता, आणि पहिल्याच पावसात अक्षरे वाहून गेल्यावर वर टिनाचा एक तुकडा ठोकावा लागला.

दवंडीला हसू नये. पाणी बंद, वीज बंद, लसीकरण, ग्रामसभा अशा आजच्या आज कळायला हव्यात त्या बातम्यांसाठी तिच्याइतके सार्वत्रिक साधन गावात दुसरे नाही. मंदिराचा किंवा विहाराचा भोंगा वापरायचा असेल तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत वापरू नये, आणि एकाच धर्मस्थळाच्या भोंग्यावर अवलंबून राहू नये. कारण सांगायची गरज नाही.

व्हॉट्सॲपचा विषय थोडा विस्ताराने सांगावा लागेल. प्रभागाचे दोन गट करावेत. पहिल्या गटात फक्त ॲडमिनलाच संदेश टाकता येईल अशी सेटिंग ठेवावी आणि तेथे महिन्याचे पान, दवंडीची बातमी, मुदती एवढेच टाकावे. दुसरा गट चर्चेचा असावा आणि ज्याला हवे त्याने त्यात यावे. असे केले नाही तर पाणी बंद असल्याची बातमी "सुप्रभात"च्या फुलांखाली गाडली जाते. चर्चेच्या गटात कोणी आक्षेपार्ह टाकले तर ॲडमिन म्हणून आपल्यावर गुन्हा होईल का, ही भीती अनेकांना असते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात म्हटले आहे की, गटातल्या सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी ॲडमिनचा त्यात समान हेतू किंवा पूर्वनियोजन असल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही. तरीसुद्धा जातीवरून किंवा कोणा बाईवरून काही आले तर ते काढून टाकावे आणि टाकणाऱ्याला गटाबाहेर करावे. कायद्याने वाचलो म्हणून वॉर्डात तोंड दाखवता येईलच असे नाही.

घरकुलाच्या, किसान योजनेच्या, लाडक्या बहिणींच्या नावाने फिरणाऱ्या लिंका आपल्या गटात कधीही पुढे पाठवू नयेत. एका दुव्यावर बोट ठेवून खाते रिकामे झालेल्या माणसाला तो दुवा मेंबरच्या गटातून आला होता, एवढेच आठवते.

काय छापू नये

आधार क्रमांक, बँक खाते, जातीचा किंवा आजाराचा उल्लेख असलेली लाभार्थ्यांची यादी कधीही गटात टाकू नये, मग ती वरून आलेली का असेना. घरपट्टी थकलेल्यांची नावे छापण्याचा मोह सदस्यांना होतो. वसुलीसाठी कायद्याने ग्रामपंचायतीकडे मागणीचे बिल आणि पुढची कारवाई असा मार्ग आहे, तो कार्यालयाने चालवावा. पत्रकात एकूण मागणी किती आणि वसुली किती एवढेच द्यावे. त्यातही लक्षात ठेवावे की मागणी होऊनही सदस्याने स्वतःचा कर ठरलेल्या मुदतीत भरला नाही तर त्याचे पदच जाऊ शकते, तेव्हा लोकांना सांगण्याआधी आपली पावती फाडलेली असावी.

भांडणाची बातमी नसावी. अतिक्रमणाची तक्रार असेल तर "एक तक्रार आली, ती सभेपुढे ठेवली" एवढे पुरे होते. आणि कोणत्याही निवडणुकीची आचारसंहिता लागली की नव्या कामाची घोषणा, भूमिपूजनाची बातमी, मंजुरीचे आकडे हे सगळे थांबवावे. पाणी, आरोग्य, आपत्ती एवढ्याच बातम्या सुरू ठेवाव्यात आणि शंका असल्यास तहसील कार्यालयात विचारून घ्यावे.

ग्रामसभेच्या आधीचे पान

वर्षातले चार महिने वेगळे असतात, कारण आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना धरून होतात. नियमित ग्रामसभेची सूचना किमान सात दिवस आधी द्यायची असते. म्हणून त्या महिन्याचे पान सभेच्या दहा-बारा दिवस आधी निघावे आणि त्यात विषयपत्रिकेतला प्रत्येक विषय एका साध्या वाक्यात उलगडून लिहावा. "आराखड्यास मंजुरी देणे" या शब्दांवरून कोणाला काही बोध होत नाही. "पुढच्या वर्षी कोणत्या गल्लीत काय करायचे हे या सभेत ठरेल, ज्यांना आपली गल्ली त्यात हवी त्यांनी यावे" असे लिहिले की माणसे येतात.

गणपूर्तीचा नियमही एकदा सांगून टाकावा. एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक हजर हवेत. तेवढे नसले तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते. गावाचे मोठमोठे निर्णय पंधरा-वीस माणसांत होतात ते या वाटेने. तहकूब सभेची तारीख वॉर्डात पोहोचवणे हे मूळ सभेच्या तारखेपेक्षाही निकडीचे आहे, ही गोष्ट मला तिसऱ्या वर्षी उमगली.

प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा घ्यायची असते. ती पुष्कळदा रजिस्टरवर होते आणि सह्या अंगणवाडीत गोळा केल्या जातात. पत्रकात तिची तारीख, वेळ आणि जागा ठळक छापली, तर निदान आपल्या प्रभागातल्या बाया विचारायला येतात की सभा होणार आहे का. हा प्रश्न चार बायांनी विचारला की सभा होते.

गडचिरोलीसारख्या पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या पंचायतींसाठीचा वेगळा कायदा जेथे लागू आहे तेथल्या, सदस्यांचे काम याहून वेगळे आणि मोठे आहे. २०१४ च्या नियमांप्रमाणे तेथे टोल्याचीही स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते, आणि आदिवासी उपयोजनेतून येणाऱ्या ५ टक्के अबंध निधीचा खर्च ग्रामसभेत ठरतो. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या बातम्या खाली पोहोचवण्याइतकेच ग्रामसभेचे ठराव वर पोहोचवणेही सदस्याकडे येते. धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे सर्वांना माहीत आहे. तेथे निर्णय घेणारी ग्रामसभा आणि माहिती घेऊन चर्चा करणारा अभ्यास गट या दोन वेगळ्या बैठका आहेत, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. निर्णयाच्या दिवशी माहिती द्यायला बसले की निर्णय होत नाही किंवा माहिती होत नाही. आपल्या वॉर्डात एवढी मोठी व्यवस्था नसली तरी ग्रामसभेच्या आदल्या रविवारी पाराजवळ तास-दोन तास बसून विषय वाचून दाखवता येतात.

उत्तर परत न्यावे

रविवारच्या बैठकीत जे सांगितले जाते ते वहीत तारीख, नाव आणि मागणी अशा तीन रकान्यांत लिहावे, आणि चौथा रकाना "उत्तर कधी दिले" याचा ठेवावा. उत्तर नकाराचे असले तरी ते त्या माणसाच्या घरी जाऊन द्यावे. नावासह पत्रकात देऊ नये. लेखी अर्ज असेल तर त्याची पोच घ्यायला लावावी. पोच नसलेला अर्ज सहा महिन्यांनी कोणालाच आठवत नाही. कागद मागूनही मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. सदस्याने शक्यतो ही वेळ येऊ देऊ नये, कारण ज्या कार्यालयात आपण दर महिन्याला बसतो तेथे स्वतःच अर्जदार होणे दोन्ही बाजूंना जड जाते. पण वेळ आलीच तर संकोचही करू नये.

खर्च अगदी किरकोळ आहे. वीस-पंचवीस झेरॉक्स, एक खडूची पेटी, गोंदाची बाटली. हा खर्च मी स्वतः केला, कारण ग्रामपंचायतीच्या पैशातून काढलेले पत्रक सगळ्या गावाचे असायला हवे आणि त्याला सभेचा ठराव लागतो. तुमची पंचायत तसा ठराव करायला तयार असेल तर फारच उत्तम. तेव्हा मात्र मजकूर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना दाखवूनच निघावा.

प्रत्येक पानाची एक प्रत तारखेसह फाइलमध्ये लावत जावी. पाच वर्षांची साठ पाने होतात. मुदत संपल्यावर मी ती फाइल आणि मागण्यांची वही माझ्या जागी निवडून आलेल्या बाईंकडे नेऊन दिली. त्या दुसऱ्या पॅनलच्या होत्या आणि त्यांनी चहा करेपर्यंत फाइल चाळली. पांदण रस्त्याच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे अजून ठरावावरच आहे का?" मी ठरावाचा क्रमांक त्यांना लिहून दिला.